मनाच्या औषधाचा पहिला महिना



वसंत व्याख्यानमालेत इतिहासाला गर्दी होते, साहित्याला होते, राजकारणाला तर होतेच. आजचा माझा विषय मात्र एका गोळीचा आहे, आणि तीही मनाच्या विकारावरच्या. तरीही आपण एवढ्या संख्येने आलात. तेव्हा ज्यांच्या घरात अशी गोळी आलेली आहे असे बरेच श्रोते येथे असणार, असे धरून चालायला हरकत नाही. मधुमेहाची गोळी आपण उघडपणे ताटाशेजारी ठेवतो. ही गोळी कपाटात, कपड्यांच्या घडीखाली असते. या लपवाछपवीचा एक परिणाम असा होतो, की औषध सुरू केल्यावर पहिल्या आठवड्यात जो त्रास होतो त्याविषयी विचारायला माणसाला कोणी सापडत नाही. मग तो मनाशीच निकाल लावतो आणि गोळी बंद करतो. हा निकाल घाईचा का, आणि त्या पहिल्या महिन्यातून पार कसे पडावे, एवढेच मला आज सांगायचे आहे.

उदाहरणादाखल नैराश्यावरची आणि चिंताविकारावरची जी औषधे आज सर्वांत अधिक दिली जातात तीच घेऊ: सर्ट्रालीन, एस्सिटालोप्राम, फ्लुओक्सेटीन. व्यापाऱ्याच्या भाषेत बोलायचे तर या औषधांचा त्रास रोखीचा असतो आणि गुण उधारीचा. मळमळ, डोकेदुखी, पातळ शौचास होणे, झोप उडणे किंवा उलट दिवसभर गुंगी येणे, हे पहिल्या एकदोन दिवसांतच सुरू होते. मन हलके होऊ लागायला मात्र दोन ते चार आठवडे लागतात. पुरता गुण कळायला सहा ते आठही लागतात. आधीच ज्याची उमेद गेली आहे अशा माणसाला आपण म्हणतो, ‘आज त्रास सोस, पुढच्या महिन्यात बरे वाटेल.’ त्याचा विश्वास बसत नाही यात नवल ते काय? ज्या आठवड्यात तो गोळ्या टाकून देतो त्याच्या पुढच्याच आठवड्यात कदाचित गुण दिसू लागला असता. पण मनाशी नोंद होते ती, ‘मला हे औषध लागू पडत नाही,’ अशी. आणि ती नोंद पुढची कित्येक वर्षे त्याला दवाखान्याची पायरी चढू देत नाही.

हा उशीर आजकालचा नाही. स्वित्झर्लंडमधील म्युन्स्टरलिंगेनच्या रुग्णालयात रोलँड कून यांनी इमिप्रामीन हे औषध नैराश्यावर वापरून पाहिले आणि १९५७ साली आपले अनुभव प्रसिद्ध केले. तेव्हापासून औषधे पुष्कळ बदलली. पण त्रास आधी आणि गुण मागून हा क्रम बहुतेक कायम राहिला. त्याचे कारणही समजून घेण्यासारखे आहे. ही औषधे सेरोटोनिन नावाच्या द्रव्यावर काम करतात. ते मेंदूत असते हे आपण ऐकलेले असते. पण शरीरातील सुमारे ९० टक्के सेरोटोनिन आतड्यांत असते, हे फारसे कोणी सांगत नाही. गोळी पोटात गेली की काही तासांतच आतड्यांना तिची चाहूल लागते. मेंदूतील पेशींना मात्र या बदलाशी जुळवून घ्यायला आठवडे लागतात. म्हणजे पहिल्या दिवसांतली मळमळ हे औषध ‘मानवत नाही’ याचे लक्षण नसते. बहुधा ते औषध कामाला लागल्याचे असते.

असे असले तरी सगळे त्रास एका मापाने मोजता येत नाहीत. माझ्या मते त्यांचे तीन ढीग करावेत.

पहिला ढीग येऊन जाणाऱ्या त्रासांचा. मळमळ, डोकेदुखी, किंचित थरथर, पोटाची कुरकुर ही बहुधा एकदोन आठवड्यांत ओसरतात. तोवर साधे उपाय पुष्कळ आहेत. यांतली बहुतेक औषधे काही खाल्ल्यावर घेता येतात, त्याने मळमळ कमी होते. एकदम पोटभर जेवण्यापेक्षा थोडे थोडे, मऊ, कमी तेलातिखटाचे खावे. झोप उडत असेल तर गोळी सकाळी, गुंगी येत असेल तर रात्री घेता येईल का, हे डॉक्टरांना विचारावे. पहिले काही दिवस अंगाचा अंदाज येईपर्यंत स्कूटर चालवू नये, दारू तर मुळीच घेऊ नये. अंथरुणातून ताडकन उठू नये; आधी काठावर बसावे, मग उभे राहावे. मात्रा थोडीने सुरू करून हळूहळू वाढवणे हाही उपायच आहे. म्हणून डॉक्टरांनी अर्धी गोळी सांगितली असेल तर लवकर गुण यावा म्हणून आपण ती पुरी करू नये.

दुसरा ढीग अशा त्रासांचा, की जे आपोआप जातीलच असे नाही, पण ज्यांना तोड आहे. अमिट्रिप्टिलीनसारख्या जुन्या औषधाने तोंड कोरडे पडते, शौचास साफ होत नाही. त्यावर घोटघोट पाणी, बडीशेप, फळे, भाज्या, इसबगोल हे आपल्या घरातलेच उपाय चालतात. ओलान्झापीनसारख्या औषधाने भूक फार लागते आणि वजन चढते. तेव्हा पहिल्या दिवशीच वजन लिहून ठेवावे आणि रक्तातील साखर तपासून घ्यावी. आणखी एक त्रास आहे, ज्याचा उच्चार आपल्याकडे नवरा-बायकोही एकमेकांपाशी करीत नाहीत. सेरोटोनिनवरच्या या औषधांनी कामेच्छा मंदावते, शरीरसुखात अडथळा येतो. कित्येकजण औषध सोडतात ते याच कारणाने, आणि डॉक्टरांना मात्र सांगतात की ‘डोके दुखत होते.’ यावर मात्रा बदलणे, औषध बदलणे असे मार्ग आहेत. पण जे सांगितलेच नाही त्यावर डॉक्टर उपाय कसा करणार?

तिसरा ढीग लहान आहे, पण तो ओळखता आलाच पाहिजे. येथे वाट पाहणे नाही. मनोविकृतीवरच्या काही औषधांनी, विशेषतः हॅलोपेरिडॉलने, पहिल्या काही दिवसांत एकाएकी मान वळते, जबडा अडकतो, डोळे वर लागतात. तरुण पुरुषांत हे अधिक दिसते. घरच्यांना वाटते अंगात आले, आणि माणूस देवऋषाकडे नेला जातो. वास्तविक योग्य इंजेक्शनाने हा आखडलेला स्नायू बहुधा अर्ध्या तासाच्या आत सैल पडतो. याच औषधांनी कधी पाय स्वस्थ राहत नाहीत, माणूस बसतो, उठतो, फेऱ्या घालतो. तो आजार वाढला म्हणून नव्हे, औषधामुळे. आणि ते त्याच दिवशी कळवायला हवे. जोराचा ताप आणि लाकडासारखे ताठ झालेले अंग, ही दोन्ही एकत्र दिसली तर थेट रुग्णालय गाठावे. लॅमोट्रिजीन सुरू केल्यावर पहिल्या दोन महिन्यांत अंगावर पुरळ उठले तर पुढची गोळी घेण्याआधी डॉक्टरांना गाठावे. क्लोझापीन घेणाऱ्याला ताप आला, घसा दुखू लागला तर त्या दिवशीच रक्त तपासावे, कारण ते औषध क्वचित पांढऱ्या पेशी फार कमी करते.

लिथियमबद्दल, उन्हाळ्याचे दिवस आहेत म्हणून, दोन शब्द अधिक बोलतो. ऑस्ट्रेलियातील जॉन केड यांनी १९४९ साली या क्षाराचा उन्मादावरचा गुण दाखवून दिला, आणि आजही त्याची योग्यता कमी झालेली नाही. पण गुणाची मात्रा आणि विषाची मात्रा यांत अंतर थोडे आहे. म्हणून रक्त तपासावे लागते. वैशाखातला घाम, जुलाब, कडकडीत उपवास, एकाएकी मीठ सोडणे, आणि अंगदुखीवर मनानेच घेतलेली आयबुप्रोफेनसारखी गोळी, यांनी रक्तातील लिथियम वाढते. हात जोरात थरथरू लागले, चालताना तोल गेला, जीभ जड झाली, उलट्या झाल्या, तर पुढची गोळी न घेता त्याच वेळी रुग्णालयात जावे.

आता तरुणांविषयी. नैराश्यावरच्या औषधांनी सुरुवातीच्या आठवड्यांत काही मुलांच्या आणि तरुणांच्या मनात आत्महत्येचे विचार वाढू शकतात. अमेरिकेच्या औषध-नियंत्रण खात्याने २००४ साली मुलांसाठी आणि २००७ साली २४ वर्षांपर्यंतच्या तरुणांसाठी तसा ठळक इशारा छापायला लावला. याचा अर्थ औषध देऊ नये असा नाही. न दिलेल्या औषधाचाही धोका असतोच. अर्थ एवढाच, की त्या आठवड्यांत मुलाला एकटे पडू देऊ नये. नवी तळमळ, चिडचिड, रात्ररात्र जागरण दिसले तर कळवावे. माणूस एकाएकी फार उत्साही झाला, झोपेची गरजच उरली नाही, उधळपट्टी सुरू झाली, तर ‘गुण आला’ म्हणून पेढे वाटू नयेत. तेही डॉक्टरांना सांगावे.

घरच्यांचे काम याहून मोठे नाही. एक साधी वही करावी. तारीख, मात्रा, झोप किती, भूक कशी, त्रास कोणता, एवढ्या चार ओळी रोज लिहाव्यात. डॉक्टरांपुढे बसल्यावर पाच मिनिटांत काय सांगावे हे सुचत नाही, वही सांगते. रुग्णाला ‘मनाचे खेळ आहेत’ असे म्हणू नये. नुसत्या भीतीनेही मळमळ होऊ शकते हे खरे. साधी साखरेची गोळी घेणाऱ्यांपैकीही काहीजण डोकेदुखीची तक्रार करतात. पण भीतीने झालेली मळमळही मळमळच असते.

आणि सवयीची भीती? झोपेच्या व घबराटीच्या काही गोळ्यांची, डायझेपामच्या जातीच्या, सवय लागते. म्हणून त्या थोड्या दिवसांपुरत्या देतात. नैराश्यावरच्या या गोळ्यांची तशी ओढ लागत नाही. परंतु त्या एकदम सोडल्या तर चक्कर येते, डोक्यात वीज चमकल्यासारखे होते. म्हणून चढताना पायऱ्यांनी चढायचे तसे उतरतानाही पायऱ्यांनीच उतरायचे, आणि तेही डॉक्टरांच्या सल्ल्याने.

सोसावे किती, असे आपण विचाराल. मुकाट्याने सोसणे हा काही गुण नव्हे. जो त्रास दोन आठवड्यांत ओसरला नाही, किंवा ज्याने रोजचे काम अडले, तो सांगण्याचा आपल्याला हक्क आहे. भारताच्या २०१७च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने तर औषधाचे ज्ञात दुष्परिणाम, रुग्णाला समजेल अशा भाषेत, जाणून घेण्याचा हक्क दिला आहे. पहिल्याच भेटीत तीन प्रश्न विचारावेत: त्रास कोणता होईल, तो किती दिवस राहील, आणि कोणत्या लक्षणाला मी धावत यावे? रात्री-अपरात्री विचारायला कोणी नसेल तर केंद्र सरकारने २०२२ साली सुरू केलेला टेलिमानसचा १४४१६ हा दूरध्वनी क्रमांक आहे. तेथे मराठीतही बोलता येते.

हे औषध सर्वांनाच लागू पडेल असे वचन मी देणार नाही. पहिले लागू पडले नाही म्हणून दुसरे द्यावे लागले, असे पुष्कळदा होते. पण ते ठरवायचे पुरती मात्रा आणि पुरते दिवस दिल्यावर, डॉक्टरांशी बोलून. तिसऱ्या दिवशी, मळमळीच्या भरात, एकट्याने नव्हे. माझे म्हणणे एवढेच.