एक माप, अनेक दुकाने

आपल्या घरात ऐंशी-नव्वदीच्या आजी असतील, तर त्यांना आज सहज विचारून पाहा, "आजी, पायली म्हणजे किती गं?" बहुधा त्या उलट तुम्हांलाच विचारतील, "कुठली पायली?" आणि त्यांचे म्हणणे खोटे नाही. शेर, पायली, मण ही नावे सगळीकडे होती. पण एका पेठेतली पायली दुसऱ्या पेठेतल्या पायलीशी जुळेलच, असा भरवसा नव्हता. डोंगर उतरून भात विकायला आलेल्या शेतकऱ्याला व्यापाऱ्याचे माप मुकाट्याने मान्य करावे लागे.

पुढे १९५६ साली वजनमापांचा कायदा झाला. १ एप्रिल १९५७ पासून रुपयाचे शंभर नवे पैसे झाले आणि १९५८ पासून टप्प्याटप्प्याने किलोग्रॅम बाजारात आला. किलो आला म्हणून तांदळाचा दाणा काही मोठा झाला नाही. झाले ते एवढेच, की एका दुकानातले वजन दुसऱ्या दुकानात पडताळून पाहता येऊ लागले. एकाशी पटले नाही, तर दुसऱ्याकडे जाण्याची वाट मोकळी झाली. प्रमाणित मापाचा खरा लाभ हाच.

आज मला बोलावयाचे आहे ते संगणकाविषयी. पण हा मापाचा मुद्दा ध्यानात ठेवा. कारण संगणकाच्या व्यवहारातही प्रश्न तोच आहे.

राजगडाच्या पायथ्याशी गुंजवण्याला किंवा तोरण्याच्या पायथ्याशी वेल्ह्याला रविवारी जाऊन पाहा. गड उतरून आलेली मुंबई-पुण्याची मंडळी पिठले-भाकरी खातात आणि भिंतीवर चिकटवलेल्या चौकटीपुढे फोन धरून पैसे देतात. समजा, गिऱ्हाइकाचे खाते एका मोठ्या बँकेत आहे, भाकरी करणाऱ्या ताईंचे खाते सहकारी बँकेत आहे. दोघांच्या फोनमधली अॅपही निराळ्या कंपन्यांची. तरीही क्षणभरात पैसे पोचतात. हे घडते कसे?

जुन्या मनीऑर्डरची आठवण करा. तिचा फॉर्म ठरलेला होता. पाठवणाऱ्याचे नाव कोठे, रक्कम कोठे, पत्ता कोठे, हे सर्व पोस्टांत सारखे. म्हणून नागपुरात भरलेला फॉर्म भोरच्या पोस्टमास्तरांना वाचता येई. दोघांची ओळख असण्याची गरज नव्हती. संगणकांचेही तसेच आहे. एक संगणक दुसऱ्याला ठरलेल्या नमुन्यात प्रश्न पाठवतो, "या खात्यातून दीडशे रुपये वजा करता येतील का?" दुसरा ठरलेल्याच नमुन्यात उत्तर देतो, "होय, केले." इंटरनेटवरून चालणाऱ्या या सवाल-जबाबाला वेब सेवा म्हणतात. यूपीआय ही पद्धत अशाच सवाल-जबाबावर उभी आहे. ११ एप्रिल २०१६ रोजी मुंबईत तिचा आरंभ झाला. मध्ये राष्ट्रीय पेमेंट महामंडळाचे केंद्र असते. ते देणाऱ्याच्या बँकेला विचारते, घेणाऱ्याच्या बँकेला कळवते. प्रत्येक बँकेने आपल्या घरात कोणती यंत्रे ठेवावीत, हे ती बँक पाहील. दारावर आलेल्या निरोपाचा नमुना मात्र सर्वांचा एक.

पण हे सारे आरंभापासून इतके सरळ नव्हते, बरं का. काही कंपन्यांच्या चौकटी त्यांच्या स्वतःच्याच अॅपला कळत. मग दुकानदार गल्ल्यापुढे तीन-तीन चौकटी मांडून बसे. पुन्हा निराळ्या पायल्यांचा जमाना! ऑक्टोबर २०२० मध्ये रिझर्व्ह बँकेने सांगितले, की अशा स्वतंत्र चौकटी यापुढे नव्याने काढू नयेत आणि असलेल्या चौकटी ३१ मार्च २०२२ पर्यंत सर्वांना वाचता येतील अशा कराव्यात. या एका आदेशाने भाकरी विकणाऱ्या ताईंची सुटका झाली. अॅप नकोसे झाले तर बदलता येते, गिऱ्हाईक तुटत नाही.

शिक्षक बंधुभगिनींना दुसरे उदाहरण अधिक जवळचे वाटेल. पूर्वी संगणकावर मराठी मजकूर टंकित करताना प्रत्येक कंपनीच्या फॉन्टची अक्षरयोजना निराळी असे. शाळेत तयार केलेला निकाल दुसऱ्या संगणकावर उघडला, की मराठीच्या जागी भलतीच चिन्हे दिसत. अक्षरे आपली, पण किल्ली कंपनीची! या बाबतीत पुण्याने मोलाचे काम केले आहे. १९८८ साली पुण्यात सी-डॅक ही संस्था स्थापन झाली आणि भारतीय लिप्यांच्या संगणकीय कामात तिचा मोठा वाटा आहे. भारतीय लिप्यांसाठी 'इस्की' ही संकेतावली ठरली व १९९१ साली तिला भारतीय मानक म्हणून मान्यता मिळाली. जगभर चालणाऱ्या युनिकोडमधील देवनागरीची मांडणी याच इस्कीच्या पायावर झाली. म्हणून आज भोरच्या शाळेतून पाठवलेला मराठी निरोप परदेशातल्या फोनवरही मराठीतच वाचता येतो.

आता वळू या आपल्या धंद्याकडे. भोर-वेल्हे हा भाताचा मुलूख. समजा, गावातल्या दहा-बारा शेतकऱ्यांनी किंवा एखाद्या महिला बचत गटाने इंद्रायणी तांदूळ पुण्याच्या घरोघरी विकावयाचे ठरवले. मागणी फोनवर येणार, पैसे यूपीआयने येणार, बिले संगणकावर होणार. एखादी कंपनी येऊन सांगते, "सगळे आमच्याकडे सोपवा. पहिले वर्ष फुकट." गट खूष होतो. दोन वर्षांत चारशे गिऱ्हाइकांची नावे, पत्ते, उधारी सारे त्या कंपनीच्या संगणकात साठते. तिसऱ्या वर्षी भाडे दुप्पट होते. सोडून जावे म्हटले, तर खातेवही हाती येत नाही. माल आपला, घाम आपला, पण गिऱ्हाईक कोणाच्या मुठीत? श्रोतेहो, हाच आजच्या बोलण्यातला कळीचा प्रश्न आहे.

म्हणून करार करण्यापूर्वी तीन प्रश्न विचारा. पहिला : आमची यादी आणि हिशोब आम्हांला केव्हाही बाहेर काढून घेता येईल का? दुसरा : तो कोणत्याही साध्या तक्त्याच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडेल का, आणि मराठी युनिकोडमध्येच असेल का? तिसरा : तुमची सेवा बँकेशी, हिशोबनिसाच्या संगणकाशी, उद्या येणाऱ्या दुसऱ्या सेवेशी ठरलेल्या नमुन्यात बोलेल का? तिन्हींची उत्तरे 'होय' असतील, तर ती कागदावर लिहून घ्या. मग पैसे देण्यास हरकत नाही. चांगल्या सेवेचे मोल जरूर द्यावे. खातेवही मात्र गहाण ठेवू नये.

आपल्या नोंदीही प्रमाणित ठेवा. मालाच्या वर्गीकरणात १००६ हा आकडा तांदळाचा. जीएसटीच्या व्यवहारात तोच चालतो आणि परदेशी व्यापारातही तोच. 'तांदूळ', 'तांदुळ', 'इं. तांदूळ' अशा तीन तऱ्हांनी लिहिलेला माल संगणक तीन निराळे माल समजतो. एकच नाव, एकच आकडा, तारीख लिहिण्याची एकच रीत, एवढी शिस्त पाळली तरी अर्धे काम झाले. याला पैसा लागत नाही.

दोन गोष्टींची सावधगिरी मात्र हवी. आपल्या डोंगरी भागात पावसाळ्यात वीज जाते, फोनची रेंज जाते. तेव्हा वहीत नोंद करण्याची सवय मोडू नका आणि दर महिन्याला संगणकातल्या हिशोबाची प्रत वेगळी काढून ठेवा. दुसरे असे, की माप सारखे झाले म्हणून मापणारा प्रामाणिक होतोच असे नाही. पैसे घेण्यासाठी यूपीआयचा पिन कधीच द्यावा लागत नाही. "पैसे पाठवतो, पिन टाका," असे कोणी म्हणाले, तर तो पैसे देणारा नव्हे, नेणारा आहे, हे ओळखावे.

शिक्षकांना शेवटी एक विनंती. वर्गातल्या मुलांकडून गावातल्या एखाद्या दुकानाची मालयादी संगणकावर करून घ्या, आणि तीच यादी दुसऱ्या संगणकावर, दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडून दाखवा. ती जशीच्या तशी उघडली, की मुलांना प्रमाणित नमुना म्हणजे काय, हे न सांगता कळेल. आणि न उघडली, तर त्याहून अधिक कळेल.

आपल्या आजोबांना किलोने दुसऱ्या दुकानाची वाट दाखवली. ती वाट आपल्या मुलांसाठी मोकळी ठेवणे आपल्या हाती आहे.