मुतखड्याचं ऑपरेशन: आत नळी कोणती, आणि काढायची कधी?

मी बोलतोय बुलढाण्याजवळच्या देऊळघाटहून. आज मुतखड्याच्या ऑपरेशनमधल्या नळ्यांबद्दल बोलू.

माझ्या मामांचं पीसीएनएल झालं, म्हणजे पाठीतून दुर्बीण घालून खडा काढला. डिस्चार्ज कार्डावर लिहिलं होतं, 'डीजे स्टेंट'. आम्हाला डीजे माहीत तो वरातीतला! कुणीच विचारलं नाही. मामा म्हणायचे, "आता दुखत नाही, मंग कायले जायचं दवाखान्यात?" आठ महिन्यांनी लघवीतून रक्त आलं. एक्स-रे काढला, तर आतल्या नळीवरच खडा चढलेला. पुन्हा भूल, पुन्हा ऑपरेशन.

म्हणून नीट ऐका. ऑपरेशनच्या सुरुवातीला लघवीच्या वाटेनं किडनीपर्यंत एक बारीक नळी सरकवतात. ही युरेटरिक कॅथेटर. नळीची जाडी 'फ्रेंच' मापात सांगतात. 3 फ्रेंच म्हणजे 1 मिलिमीटर. म्हणजे 6 फ्रेंचची नळी 2 मिलिमीटरची. तिच्यातून औषध सोडलं की एक्स-रेत किडनीचे कप्पे दिसतात आणि सुई कुठे घालायची ते डॉक्टरांना कळतं. टोकाला फुगा असलेली नळीही मिळते. फुगा फुगवला की खड्याचे तुकडे खाली घसरायला अडतात, पण ती साध्या नळीपेक्षा महाग.

खडा निघाल्यावर आत काय ठेवायचं? एक पर्याय म्हणजे तीच साधी नळी एक-दोन दिवस ठेवणं. तिचं टोक बाहेर असतं, लघवीच्या पिशवीच्या नळीला बांधलेलं. वॉर्डातच, भूल न देता काढतात. विषय संपला.

दुसरा पर्याय डीजे. दोन्ही टोकं इंग्रजी 'जे'सारखी वळलेली, पूर्ण आत. तुकडे उरले असतील किंवा मूत्रनलिकेला सूज असेल तर ती लागतेच. पण जळजळ होते, सारखी लघवीला लागते, आणि काढायला बहुधा परत दुर्बीण घालावी लागते. सहसा काही आठवड्यांसाठीच असते. बाहेरून दिसत नाही, म्हणून माणूस विसरतो. जितकी जास्त दिवस राहील, तितका खडा चढायचा धोका वाढतो.

तर घरी निघताना डॉक्टरांना तीन गोष्टी विचारा: आत नळी आहे का? कोणती? काढायची तारीख कोणती? आणि ती तारीख तिथेच उभं राहून मोबाईलच्या रिमाइंडरला टाका. पेशंटच्या नाही, तुमच्या मोबाईलच्या!

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या, पाणी प्या.