स्ट्रोक्सटाऊनचा वाडा

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मला इथे बोलायला उभे केले आहे खरे, पण भाषण करण्याची मला सवय नाही. सातवी झाले, आणि मग पोळपाट-लाटणे हाती आले ते आजतागायत सुटलेले नाही. तेव्हा कुठे चुकले-माकले तर सांभाळून घ्यावे.

गेल्या वर्षी धाकट्या भावजयीच्या बाळंतपणासाठी मी तीन महिने आयर्लंडात, डब्लिन शहरी राहून आले, हे आपणां सर्वांना ठाऊकच आहे. परत आल्यावर जी भेटेल ती विचारी, "काय काय पाहिलेस ग?" मी सांगे, "पाऊस, दुपटी आणि डिंकाचे लाडू!" त्यावर सर्व हसत. पण आपल्या चिटणीसबाई म्हणाल्या, "असे कसे? एक तरी जागा पाहिली असशीलच." एक पाहिली. तिच्याविषयीच बोलते.

बाळाला सव्वा महिना झाला तेव्हा भावाने मोटार काढली आणि आम्हांला पश्चिमेकडे रॉसकॉमन जिल्ह्यात स्ट्रोक्सटाऊन नावाच्या गावी नेले. डब्लिनपासून दोन तासांची वाट. गाव लहान, पण मुख्य रस्ता एवढा रुंद की आपली बाजारपेठ त्यात दोनदा मावेल! रस्त्याच्या टोकाला मोठी दगडी कमान, आणि कमानीच्या आत झाडीत पांढरा वाडा. मधली इमारत उंच, दोन्ही बाजूंना पसरलेल्या आडव्या पाख्या. हा माहोन घराण्याचा वाडा.

या घराण्याला इथली जमीन सतराव्या शतकात मिळाली. इंग्रजांनी आयर्लंड जिंकून जुन्या मालकांच्या जमिनी काढून आपल्या माणसांना वाटल्या, त्या वाटपात निकोलस माहोन नावाच्या गृहस्थांकडे ती आली. त्याआधी तिथे ओकॉनर घराण्याची गढी होती. पुढे १७३० नंतरच्या काळात टॉमस माहोन यांनी रिचर्ड कॅसल्स या त्या वेळच्या नावाजलेल्या वास्तुकाराकडून आजचा वाडा उठवला. १८०० साली आयर्लंडची स्वतःची पार्लमेंट बंद करून ती लंडनच्या पार्लमेंटात मिळवण्याचे ठरले. त्याच साली मॉरिस माहोन यांना 'लॉर्ड हार्टलंड' ही पदवी मिळाली. ती कशाबद्दल मिळाली असेल ते निराळे सांगायला नको.

दाखवणारी मुलगी एकेक दालन दाखवीत होती. जेवणघर, पुस्तकांची खोली, मुलांच्या शिकण्याची खोली. तिथे जुनी खेळणीसुद्धा अजून तशीच आहेत. ती बोले इंग्रजी, भाऊ मला मराठीत सांगे, आणि तो पुढे गेला की मी पाटीवरची अक्षरे जुळवीत बसे. पण माझे पाय खिळले ते मुदपाकखान्यात. आपणां कोणाचेही तिथेच खिळले असते.

उत्तरेकडच्या पाखीत हे स्वयंपाकघर आहे. छत दोन मजले उंच. भिंतीशी लोखंडी चुली, भट्ट्या, मांस भाजण्याच्या सळया, मांडणीवर भांडी. आणि वर, छताच्या खाली, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत लाकडी कठड्याचा सज्जा. मला वाटले, हा सामान ठेवायला असेल. तसे नव्हे. मालकीणबाई वाड्यातून परस्पर या सज्ज्यावर येत आणि खाली काय चालले आहे ते वरूनच पाहत. स्वयंपाकघरात पाऊल टाकायचे नाही, आचाऱ्याशी बोलायचे नाही. दर सोमवारी सकाळी आठवड्याच्या जेवणाचे पदार्थ लिहिलेला कागद त्या सज्ज्यावरून खाली टाकीत. खालच्यांनी तो उचलून त्याप्रमाणे रांधायचे.

आमच्या सासूबाई माझ्या पाठीशी उभ्या राहून आमटीत मीठ किती घातले ते पाहत. त्याचा मला पुष्कळ राग येई. पण त्या धुरात माझ्याबरोबर खोकत असत, हे मला त्या सज्ज्याखाली उभी असताना आठवले.

याच स्वयंपाकघरातून एक भुयार निघते. नोकरमाणसे ये-जा करताना पाहुण्यांच्या नजरेस पडू नयेत, अंगण आणि बाग स्वच्छ मोकळी दिसावी, म्हणून ते खणलेले. आणि दक्षिणेच्या पाखीत घोड्यांची पागा. तिला खांब आणि दगडी कमानींचे छत, एखाद्या देवळाच्या सभामंडपासारखे! भाऊ म्हणाला, "ताई, या घोड्यांच्या डोक्यावर कमानी होत्या, तेव्हा बाहेर कुळांची घरे एका खोलीची, मातीची होती."

त्या कुळांची गोष्ट पागेशेजारच्या संग्रहालयात आहे.

बारा हजारांच्या आसपास माणसे या इस्टेटीवर राहत होती. जमिनीचे तुकडे पडत पडत एवढे बारीक झाले होते की त्यांत बटाट्यावाचून दुसरे काही लावून घर पोसणे शक्यच नव्हते. आपण बटाटा उपवासाला खातो. तिथला गरीब मनुष्य रोज तोच खाई, कष्टकरी गडी दिवसाला पाच-सहा किलो, आणि वर ताक! शेतात धान्य पिके ते खंडासाठी. ते विकायचे आणि पैसे कारभाऱ्याकडे भरायचे. १८४५ साली बटाट्यावर करपा आला. १८४६ साली तर सारे पीकच गेले. काल हिरवे असलेले शेत सकाळी काळे, आणि खणून पाहावे तर हाताला घाण वासाचा चिखल.

सरकारने अमेरिकेहून मका आणवला. तो वाळून दगड झालेला. गिरण्यांत नीट दळला जाईना आणि बायांना तो शिजवायचा कसा हे ठाऊक नव्हते. अर्धाकच्चा खाऊन मुलांची पोटे बिघडली. मक्याची भाकरी थापणारी आपल्याकडची एखादी बाई तिथे असती तर, असे मनात आल्यावाचून राहिले नाही. आपल्या देशातून मदत मात्र गेली होती. कलकत्त्याला १८४६ सालीच आयर्लंडसाठी निधी जमवायला सुरुवात झाली होती.

संग्रहालयात काचेखाली एक कागद आहे. १८४६ च्या ऑगस्टमध्ये क्लूनाही नावाच्या वाडीतल्या कुळांनी केलेला अर्ज. त्यात म्हटले आहे की आमची मुले आमच्या डोळ्यांसमोर भुकेने रडतात, ते रडणे आता ऐकवत नाही, घरात बटाटा नाही, धान्य नाही. भावाने वाचून दाखवले तेव्हा भावजयीच्या मांडीवर बाळ दूध पीत होते. तिने तोंड फिरवले.

आता मालकाची बाजूही सांगते, नाही तर मी एकांगी बोलले असे होईल. शेवटचे लॉर्ड हार्टलंड वेडे झाले होते. वर्षानुवर्षे कारभाराला धनी नव्हता. १८४५ साली ते वारले आणि त्यांचे भाऊबंद मेजर डेनिस माहोन यांच्याकडे इस्टेट आली ती कर्जात बुडालेली आणि खंड थकलेली. त्यातून गरिबांना पोसण्याचा कर जमीनदारांवर. अगदी लहान कुळांचा कर तर मालकानेच भरायचा असा कायदा. म्हणजे जितकी कुळे अधिक तितका भुर्दंड अधिक. मेजरसाहेबांच्या कारभाऱ्याने हिशेब मांडला. या लोकांना वर्षभर सरकारी वर्कहाऊसमध्ये पोसायचे तर जेवढा खर्च येईल, त्याच्या निम्म्यात त्यांना बोटीने कॅनडात पाठवता येते.

हिशेब चुकीचा नव्हता. मीही घरचा जमाखर्च लिहिते. रकाना रकान्याला जुळला की मनाला समाधान होते. त्या रकान्यात माणसे होती, एवढेच.

१८४७ च्या मे महिन्यात या एका इस्टेटीवरची १,४९० माणसे घरे सोडून निघाली. रॉयल कालव्याच्या काठाकाठाने डब्लिनपर्यंत पायी. बरोबर मालकाचा माणूस दिला होता. तो त्यांना लिव्हरपूलला बोटीवर चढवूनच परत फिरणार, म्हणजे कोणी मागे वळू नये. चार बोटी होत्या. त्यांतल्या 'व्हर्जिनियस' नावाच्या बोटीवर ४७६ उतारू चढले आणि १५८ वाटेतच गेले. पलीकडे क्वेबेकजवळ ग्रोस बेटावर आजाऱ्यांना ठेवीत, तिथेही तापाने माणसे पटापट मेली. निघालेल्यांपैकी निम्म्याच्या आसपास एक तर वाटेत तरी गेली, नाही तर पोचून तरी.

त्यांत मेरी टाय नावाची एक विधवा होती. पाच मुले आणि भाऊ यांना घेऊन ती निघाली. 'नेओमी' बोटीवरून पलीकडे जिवंत पोचली ती दोनच मुले. बारा वर्षांचा डॅनियल आणि नऊ वर्षांची कॅथरीन. त्यांना तिथल्या फ्रेंच बोलणाऱ्या एका शेतकरी कुटुंबाने घरात घेतले, आणि विशेष म्हणजे त्यांचे आडनाव बदलले नाही. त्या आडनावामुळेच २०१३ साली डॅनियलचा वंशज शोधत शोधत स्ट्रोक्सटाऊनला येऊ शकला.

मेजर माहोन यांचे काय झाले? त्याच वर्षी २ नोव्हेंबरला, रॉसकॉमनहून सभा आटोपून बग्गीतून घरी येताना, त्यांना वाटेत गोळ्या घालून मारले. त्या रात्री आसपासच्या टेकड्यांवर लोकांनी आनंदाने होळ्या पेटवल्या. पुढे दोघांना फाशी झाली. आणि कुळांचे? त्यांना काढणे थांबले नाही. तिथल्या बिशपांनी १८४८ साली नावानिशी यादीच छापली. ३,००६ माणसे घराबाहेर काढली गेली होती. गोळी झाडून एकाही कुळाच्या घरावर छप्पर आले नाही.

मेजरांची एकुलती वारस म्हणजे त्यांची मुलगी ग्रेस. तिचे लग्न त्याच वर्षी हेन्री पॅकनहॅम यांच्याशी झाले होते. म्हणून पुढे घराण्याचे नाव पॅकनहॅम माहोन. ग्रेसने या वाड्यात पुन्हा पाऊल टाकले नाही असे सांगतात. बापाला असे आणलेल्या घरात कोणत्या मुलीला राहवेल? त्या वाड्याच्या साऱ्या हकीकतीत वरच्या मजल्यावरच्या माणसांपैकी मला दया आली ती तिची.

पुढचे थोडक्यात सांगते. कुळांनी चळवळ केली, कायदे झाले. १९०३ च्या कायद्याने सरकारने पैसे उसने दिले आणि कुळांनी हप्त्यांनी जमिनी विकत घेतल्या. माहोनांकडे वाडा आणि भोवतालची थोडी जमीन राहिली. शेवटच्या मालकीणबाई ऑलिव्ह. १९१४ साली त्यांचे मोठ्या थाटात लग्न झाले, आणि त्याच वर्षी नवरा लढाईत मारला गेला. पोटात मूल होते. पुढे दुसरा विवाह केला, आणि त्या मोठ्या घरात उत्पन्नावाचून, गळत्या छपराखाली म्हाताऱ्या झाल्या. १९७९ साली वाडा विकला तेव्हा त्या पंच्याऐंशीच्या घरात होत्या.

विकत कोणी घेतला? गावातल्याच मोटारींच्या कंपनीने! जिम कॅलरी यांना मालमोटारी उभ्या करायला जागा हवी होती. वाड्याचे त्यांना काहीच नव्हते. पण कचेरीतली जुनी कागदपत्रे चाळताना त्यांच्या हाती तो क्लूनाहीचा अर्ज आला. मग त्यांनी ठरवले की कागद फेकायचे नाहीत, सामानही हलवायचे नाही. पन्नास हजारांवर कागद निघाले. १९८७ साली वाडा लोकांना पाहायला खुला झाला, आणि १९९४ साली त्या वेळच्या राष्ट्राध्यक्षा मेरी रॉबिन्सन यांच्या हस्ते दुष्काळाचे संग्रहालय उघडले. त्या कुळांच्या पायवाटेने आता लोक स्ट्रोक्सटाऊन ते डब्लिन १६५ किलोमीटर चालतात. वाटेवर जागोजागी लहान मुलांचे काशाचे जोडे ठेवलेले आहेत. एका जुन्या झोपडीच्या छपरात बांधून ठेवलेले जोडे सापडले होते, त्यांच्याच नमुन्यावर केलेले. त्यांतला एक जोड मी पाहिला. माझ्या वितीएवढा.

मोटारीत बसल्यावर मी बराच वेळ गप्प होते. मालकाच्याच कचेरीने कुळांचा अर्ज सव्वाशेहून अधिक वर्षे जपून ठेवला, हे मला राहून राहून नवल वाटत होते. मेरी टायला घर नाही, थडगे नाही. तिचे नाव उरले ते बोटीच्या आणि इस्टेटीच्या कागदांत.

आणि मग मला आमच्या माळ्यावरची पेटी आठवली. माझे माहेर कुळांचे, आणि सासरी पूर्वी खोती. १९४९ च्या कायद्याने ती गेली. पण कुळांच्या वह्या पत्र्याच्या पेटीत तशाच आहेत. मागच्याच्या मागच्या दिवाळीला मी त्या रद्दीवाल्याला द्यायला निघाले होते. तो म्हणाला, कसर लागलेली रद्दी घेत नाही. म्हणून त्या राहिल्या.

घरी परतल्यावर मी पेटी खाली काढली. बहुतेक पाने मोडीत आहेत. शेवटची थोडी बाळबोधीत, ती मला लागली. नाव, दोन मण, बाकी एक मण. नाव, बाकी. एके ठिकाणी नावापुढे धान्याचा आकडाच नाही, नुसते लिहिले आहे, "घर बंद. मुंबईस गेला." आणि त्याच्या खाली आणखी एक ओळ आहे, ती मोडीत.

वही मी आज बरोबर आणली आहे, खुर्चीवर पिशवीत आहे. आपल्यापैकी ज्या आजींना मोडी वाचता येत असेल त्यांनी चहाच्या वेळी मला गाठावे. पाने जपून उलटावी लागतात, कडा मोडतात.