वाहनकर्ज : सहीपूर्वीचा हिशेब

(संस्थेच्या मेळाव्यात सभासद व विद्यार्थ्यांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



आज आम्हास बोलण्यासाठी दिलेला विषय साधा आहे, पण घराघरांतला आहे. आपल्यातले कोणी शिक्षक झाले, कोणी एस. टी.त लागले, कोणी बँकेत, कोणी पाटबंधारे खात्यात. कोणी वडापची जीप चालवतो, कोणी सांगलीच्या मार्केट यार्डात टेम्पो घालतो. आज ना उद्या प्रत्येकाच्या दारात चारचाकी यावी असे वाटते आणि त्यात गैर काही नाही. पण गाडी दारात येते त्याच दिवशी कर्जही घरात येते. गाडीला हार घालताना त्या दुसऱ्या पाहुण्याकडे आपले लक्ष नसते.

प्रथम आमचीच चूक सांगतो. २००८ साली आम्ही पहिली गाडी घेतली. विक्रेत्याच्या टेबलाशीच कर्ज देणाऱ्या कंपनीचा माणूस बसला होता. "साहेब, व्याज फक्त आठ टक्के," असे तो म्हणाला. आम्ही एकच प्रश्न विचारला, "हप्ता किती बसेल?" हप्ता पगारात बसत होता. कोऱ्या छापील फॉर्मवर त्याने दाखवले तेथे तेथे सह्या केल्या आणि पेढे घेऊन घरी आलो. आयुष्यभर मुलांना सरळव्याजाची गणिते शिकवणाऱ्या आम्ही स्वतःच्या कर्जाचे गणित मात्र केले नाही.

ते गणित आज येथे करू. विद्यार्थ्यांनी वहीत मांडून पाहावे. समजा, ४ लाख रुपये कर्ज आहे आणि मुदत ५ वर्षे. पहिला माणूस म्हणतो आठ टक्के, पण 'फ्लॅट' दराने. म्हणजे दरवर्षी पूर्ण ४ लाखांवर ३२ हजार व्याज. पाच वर्षांचे १ लाख ६० हजार. एकूण फेड ५ लाख ६० हजार आणि हप्ता ९,३३३ रुपये. दुसरा म्हणतो दहा टक्के, पण घटत्या शिलकीवर. म्हणजे जेवढे मुद्दल उरले तेवढ्यावरच व्याज. याचा हप्ता येतो सुमारे ८,५०० रुपये आणि एकूण व्याज सुमारे १ लाख १० हजार. पाहा, दहा टक्केवाला आठ टक्केवाल्यापेक्षा ५० हजारांनी स्वस्त निघाला! कारण पहिल्या माणसाने आपण फेडून टाकलेल्या पैशांवरही शेवटच्या महिन्यापर्यंत व्याज लावले. त्याचे आठ टक्के घटत्या शिलकीच्या हिशेबात चौदा टक्क्यांच्या आसपास जातात.

दुसरी गोष्ट मुदतीची. हप्ता जड वाटतो म्हटले की लगेच उत्तर मिळते, "सात वर्षांचे करू या." त्याच ४ लाखांना दहा टक्के घटत्या दराने सात वर्षे केली, तर हप्ता ६,६४० रुपयांवर येतो. बरे वाटते. पण एकूण व्याज सुमारे १ लाख ५८ हजार होते. दरमहा साडेअठराशे रुपये हलके झाले, त्याची किंमत ४८ हजार रुपये पडली. शिवाय सात वर्षांत गाडी जुनी होते, तिची किंमत झपाट्याने उतरते आणि कर्ज मात्र सावकाश उतरते. म्हणून आमचे सांगणे एवढेच की, हप्ता शेवटी विचारा. आधी विचारा की हातात किती मिळणार आणि एकूण किती भरणार.

हा प्रश्न आपल्या भागाला नवा नाही. १८७५ साली पुणे व अहमदनगर जिल्ह्यांत शेतकऱ्यांनी सावकारांविरुद्ध उठाव केला, तेव्हा त्यांचा रोख मुख्यतः कर्जरोख्यांवर होता. ते कागद त्यांनी हिसकावून जाळले. न वाचता येणाऱ्या माणसाचा अंगठा घेतला जाई आणि वर काय लिहिले आहे ते त्यास कळत नसे. त्यानंतर १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदा झाला. पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर या चार जिल्ह्यांना तो प्रथम लागू झाला. आज सांगली जिल्ह्यात असलेला तासगावसारखा भाग तेव्हा साताऱ्यातच होता. दक्षिण सातारा हा वेगळा जिल्हा १९४९ साली झाला आणि १९६० साली त्यास सांगली हे नाव मिळाले. त्या कायद्याने ऋणकोला पावती आणि खात्याचा उतारा मागण्याचा हक्क दिला. म्हणजे हिशेब लेखी मागणे हा आपल्या दोन्ही जिल्ह्यांतील कर्जदाराचा सव्वाशे वर्षांहून जुना हक्क आहे. फरक इतकाच की आपल्या पणजोबांना वाचता येत नव्हते. आपणास वाचता येते आणि तरीही आपण न वाचता सही करतो.

आता आजचे नियम पाहू. १ ऑक्टोबर २०२४ पासून रिझर्व्ह बँकेने बँका व वित्त कंपन्यांना किरकोळ कर्जांसाठी ठळक बाबींचे विवरणपत्र देणे बंधनकारक केले आहे. ते कर्जदारास समजणाऱ्या भाषेत हवे, म्हणजे आपण ते मराठीत मागू शकतो. त्यात व्याजाबरोबर प्रक्रिया शुल्क वगैरे सर्व खर्च धरून एकूण वार्षिक दर किती पडतो, तो एका आकड्यात द्यावा लागतो. त्या पत्रकात नसलेला आकार कर्जदाराच्या स्पष्ट संमतीशिवाय लावता येत नाही. वाहनकर्जासारख्या मुदतीच्या कर्जात ते पत्रक किमान तीन कामाचे दिवस ग्राह्य राहते. तेव्हा "आजच सही करा, उद्या ही योजना नाही," असे कोणी म्हटले तर पत्रक घडी घालून खिशात ठेवावे, घरी यावे आणि मुलांना बसवून गणित करावे. साताऱ्यातून एक, कऱ्हाडातून एक, सांगलीतून एक अशी तीन पत्रके आणली आणि तो एकच आकडा शेजारी शेजारी ठेवला, तर स्वस्त कोण आणि महाग कोण हे दहावीचा विद्यार्थीही सांगेल. आपल्या पगारदार नोकरांच्या पतसंस्थेतही चौकशी करावी. मात्र पतसंस्था सहकार खात्याखाली येतात, त्यांना रिझर्व्ह बँकेचा हा नियम लागू नाही. तेथे तोच हिशेब आपण होऊन लेखी मागावा.

गाडीची किंमत आणि कर्ज ही दोन वेगळी बोलणी आहेत, ती एकत्र करू नयेत. आधी किंमत ठरवावी, ती लेखी घ्यावी आणि मगच कर्जाचा विषय काढावा. कमी व्याजाची योजना दाखवली तर विचारावे, "ही योजना नको, रोखीने घेतो, तर किंमतीत किती सूट देता?" पुष्कळदा व्याजात दिलेले किंमतीत काढून घेतलेले असते. विमा अमुक कंपनीचाच घ्या अशी सक्ती कोणी केली तर ती मानू नये. नव्या चारचाकीला तृतीय पक्षाचा तीन वर्षांचा विमा १ सप्टेंबर २०१८ पासून आवश्यक आहे, पण तो कोणाकडून घ्यायचा हे आपण ठरवावे.

काही ठिकाणी 'लीज' म्हणजे भाडेपट्ट्याने गाडी देतात. त्यात दरमहाची रक्कम कमी दिसते, पण गाडी आपली नसते. मुदत संपली की परत करावी लागते. किती किलोमीटर चालवायची मुभा आहे, पोचा-ओरखड्याचे पैसे कोण भरणार, मध्येच सोडली तर दंड किती, हे करारात वाचल्याशिवाय त्या वाटेला जाऊ नये.

जे तरुण व्यवसायासाठी वाहन घेऊ इच्छितात, त्यांनी आधी महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळाच्या जिल्हा कार्यालयात जावे. हे महामंडळ १९७८ साली अनुसूचित जाती व नवबौद्धांसाठीच स्थापन झाले आहे. त्याच्या बीजभांडवल योजनेची चौकशी न करता थेट महागड्या कर्जाला हात घालणे म्हणजे आड घरात असता तहानेने मरणे होय.

आता जामीनदारांविषयी. शाळेत, कार्यालयात आपण एकमेकांना सहज जामीन राहतो. १८७२ च्या करार कायद्याप्रमाणे जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते. मित्राने हप्ते थकवले तर वसुली तुमच्या पगारातून होऊ शकते. जामीन राहावे, पण त्याचेही विवरणपत्र वाचूनच. पुढे हप्ता थकलाच, तर तोंड चुकवू नये. लेखी मुदत मागावी. वसुलीसाठी गुंड पाठवून गाडी ओढून नेता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००७ साली स्पष्ट सांगितले आहे. तक्रार प्रथम बँकेकडे किंवा कंपनीकडे लेखी करावी. तीस दिवसांत समाधान न झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते, त्यास फी पडत नाही.

शेवटी आमच्या गाडीचे काय झाले ते सांगतो. शेवटचा हप्ता भरला आणि आम्ही मोकळे झालो असे समजलो. तीन वर्षांनी गाडी विकायला काढली, तेव्हा कळले की नोंदणी पुस्तकावर कर्जाचा बोजा तसाच आहे. कंपनीची तालुक्यातली शाखा तोवर उठून गेली होती. ना हरकत दाखला आणि सही-शिक्क्याचा फॉर्म ३५ मिळवण्यासाठी सहा महिने हेलपाटे घातले. तोवर ठरलेले गिऱ्हाईक गेले. म्हणून शेवटच्या हप्त्यानंतर पेढे वाटण्याआधी हे दोन कागद घ्यावेत आणि आर. टी. ओ.त जाऊन बोजा उतरवून घ्यावा. मग सातारची एम. एच. ११ असो, सांगलीची १० असो की कऱ्हाडची ५०, ती गाडी खरी आपली झाली.

भगवान बुद्धांनी अनाथपिंडिकास गृहस्थाची चार सुखे सांगितली. त्यांत संपत्ती असण्याचे व भोगण्याचे सुख आहे, तसेच अनण सुख, म्हणजे कोणाचे देणे नसण्याचेही सुख आहे. गाडीचे सुख पहिल्या दिवशी मिळते, हे दुसरे शेवटच्या दिवशी. दोन्ही मिळावीत असे वाटत असेल तर सहीपूर्वी एक रात्र हिशेबाला द्यावी. घरात शिकलेला मुलगा किंवा मुलगी असेल, तर कागद त्यांच्या हाती द्यावा आणि मोठ्याने वाचायला सांगावे. आपण शिकलो ते याचसाठी.