लिंक पाठवण्याआधी

आम्ही मुरगूडच्या बचत गटाच्या बायका. आमची वही आता गुगल ड्राइव्हवर असते. बचत, कर्ज, कुणाचा हप्ता थकला, आधार कार्डाचे फोटो, सगळं तिथं. मग बँकेतले साहेब म्हणतात, "ताई, लिंक पाठवा." तिथंच जरा थांबून बघायचं.

'शेअर' दाबलं की 'जनरल ॲक्सेस' दिसतं. 'रिस्ट्रिक्टेड' असेल तर ज्यांचा ईमेल आपण घातलाय, त्यांनाच फाईल उघडते. 'एनीवन विथ द लिंक' केलं की ती लिंक व्हॉट्सॲपवर जिथं जाईल तिथं उघडते, पासवर्ड कुणी विचारत नाही. आणि व्हॉट्सॲपवर काय कुठं जाईल, सांगता येतं का? थकलेला हप्ता गटात बसून सोडवता येतो. तोच सासरच्या ग्रुपवर गेला, तर त्या बाईला बैठकीला तोंड दाखवणं जड होतं.

'व्ह्यूअर' नुसतं वाचतो, 'एडिटर' आकडे बदलू शकतो. साहेबांना वाचायचंच असतं की! फोल्डर उघडं केलं तर आतल्या फाइलीही उघड्या होतात, म्हणून आधारचं फोल्डर वेगळं ठेवा. काम झालं की परत 'रिस्ट्रिक्टेड' करा आणि साहेबांचा ईमेलही काढा. कुणी आधीच उतरवून घेतलेली प्रत मात्र माघारी येत नाही.

आणि खातं गटाच्या नावानं काढा. वही पुतण्याच्या ईमेलवर असली आणि तो पुण्याला गेला, की आपण बसतो त्याच्या फोनची वाट बघत.