जुनी चूक आणि आजची स्वाक्षरी



ज्या गुरुजींच्या स्मृतीप्रीत्यर्थ हे व्याख्यान योजिले आहे, ते फुटलेल्या काचेबद्दल रागावत. परंतु ‘मी नाही फोडली’ या वाक्याबद्दल अधिक रागावत. आजचा विषय दूरदेशीचा असला तरी मला तो त्यांच्याच वर्गातला वाटतो. शिवाय आपल्या बडोद्यातील कित्येक घरांची मुले आता अमेरिकेची नागरिक आहेत. तेथील संरक्षणविषयक नोकरीत शिरताना त्यांच्यापुढे हा प्रश्न उभा राहतो.

सरकारी गुपिते हाताळण्यासाठी अमेरिकेत ‘सिक्युरिटी क्लिअरन्स’, म्हणजे सुरक्षा-परवाना, लागतो. तो कोणाचाही हक्क नव्हे, असे तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९८८ साली ईगन खटल्यात सांगितले. संशय उरला तर त्याचा फायदा अर्जदाराला मिळत नाही. आपल्या परिचयाच्या फौजदारी न्यायाच्या हे नेमके उलट आहे. जून २०१७ पासून लागू झालेल्या निदेशात १३ कसोट्या आहेत. त्यांपैकी एक मादक पदार्थांविषयी, तर दुसरी वैयक्तिक वर्तनाविषयी आहे. आणि तीत खरेखोटेपणाला मोठे स्थान आहे.

महाविद्यालयात कधीकाळी ओढलेला गांजा माणसाला कायमचा बाद करीत नाही. किती वर्षे लोटली, ती संगत सुटली काय, पुन्हा घेणार नाही असे लिहून देण्याची तयारी आहे काय, हे पाहिले जाते. डिसेंबर २०२१ मध्ये राष्ट्रीय गुप्तवार्ता संचालकांनीही कळविले की, गांजाचे पूर्वीचे सेवन विचारात घेता येईल, पण केवळ तेवढ्यावर निर्णय ठरू नये. चालू सेवनाची गोष्ट निराळी. तेथे एखाद्या राज्याने दिलेली मुभा कामास येत नाही.

‘एस. एफ. ८६’ या दीर्घकाळ वापरात असलेल्या अर्जात मागील ७ वर्षांतील सेवनाविषयी विचारलेले आहे. खरे उत्तर पुढे फौजदारी खटल्यात तुमच्याविरुद्ध पुरावा म्हणून वापरणार नाही, असे आश्वासनही तेथेच छापलेले आहे. तरीही एखादा तरुण ‘नाही’ असे लिहितो. गांजा सहा वर्षांपूर्वीचा असतो, खोटी स्वाक्षरी मात्र आजची. जाणूनबुजून दिलेल्या खोट्या माहितीला तेथे ५ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. शिवाय दडविलेली गोष्ट ज्याला ठाऊक असेल, त्याच्या मुठीत हा मनुष्य सापडतो. परक्या हेराला आणखी काय हवे?

या नियमांतील एक तरतूद मला फार मानवी वाटते. वगळलेली माहिती अर्जदाराने तत्परतेने, प्रामाणिकपणे आणि पुरावा समोर ठेवला जाण्यापूर्वी आपण होऊन दिली, तर तो दोष सौम्य मानता येतो. कबुलीचे शब्द तेच असतात. पण चौकशी अधिकाऱ्याने कागद पुढे सरकविल्यानंतर त्यांचे मोल झपाट्याने उतरते. वकिलाच्या किंवा अधिकृत सल्लागाराच्या चुकीच्या सल्ल्याचाही विचार होतो, मात्र कळताच पूर्ण खरे सांगितले पाहिजे. वसतिगृहातील मित्राचा सल्ला त्यात बसत नाही.

आपल्याकडेही २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाने अवतार सिंग खटल्यात पडताळणी-अर्जातील लपवाछपवीचा विचार केला. कोवळ्या वयात घोषणा दिल्यासारखे किरकोळ प्रकरण दडविले असेल, तर नोकरी देणाऱ्याला ते पोटात घालता येईल, असे न्यायालय म्हणाले. मात्र खरे सांगितले म्हणून नेमणूक द्यावीच लागेल असेही नाही, हेही त्याच निकालात आहे.