डिझेलची गाडी सकाळी का अडते?

श्रोतेहो, पोलादपूरच्या डोंगरातल्या एखाद्या वाडीत रात्री कुणाला साप चावला, कुणा बाईच्या पोटात कळा सुरू झाल्या, म्हणजे सगळ्यांची नजर जाते ती अंगणातल्या जीपकडे. अशा वेळी तिनं नुसतं ‘घर्र घर्र’ करून गप्प बसणं परवडत नाही. म्हणून ती का अडते आणि दोष कुठे हुडकायचा, याविषयी आज थोडं बोलू.

आधी या इंजिनाचा स्वभाव पाहा. पेट्रोलच्या इंजिनात ठिणगी पाडावी लागते. डिझेलच्या इंजिनात ठिणगी नाहीच. रुडॉल्फ डिझेल या जर्मन इंजिनिअरनं १८९७ साली हे इंजिन यशस्वीपणे चालवून दाखवलं. त्यातली युक्ती अशी की, सिलिंडरमध्ये नुसती हवा घेऊन तिला साधारण सोळा ते वीस पट दाबायचं. दाबली की हवा ५०० अंश सेल्सिअसच्या पुढे तापते, आणि नोझलमधून आलेला डिझेलचा बारीक फवारा तिच्यात आपोआप पेटतो. शिक्षकमंडळींना हे वर्गात सहज दाखवता येईल. सायकलच्या पंपाचं तोंड बोटानं दाबून धरा आणि दांडा भराभर हलवा. पंपाचा बुडखा हाताला गरम लागेल.

यावरून तीन प्रश्न निघतात, आणि ते याच क्रमानं विचारायचे. इंजिन पुरेशा वेगानं फिरतं का? डिझेल पोचतं का? आणि त्यात हवा किंवा पाणी शिरलंय का?

सेल्फ मारल्यावर इंजिन जड, रेंगाळत फिरत असेल तर दोष डिझेलचा नव्हे. बॅटरी पाहा, तिच्या टर्मिनलवरची पांढरी बुरशी साफ करा, तारा घट्ट करा. एका वेळी दहा-पंधरा सेकंदांपेक्षा जास्त सेल्फ मारू नका. मध्ये मिनिटभर थांबा.

इंजिन जोरात फिरतंय, तरी पेट घेत नाही? मग एकानं सायलेन्सरपाशी उभं राहावं. धूर मुळीच नसेल तर डिझेल पोचत नाही. डोळ्यांना झोंबणारा पांढरा धूर येत असेल तर डिझेल पोचतंय, पण जळत नाही. मग हीटर प्लग गेला असेल, डिझेलात पाणी असेल, किंवा झिजल्यामुळे इंजिनाचं कॉम्प्रेशन उतरलं असेल.

डिझेल पोचत नसेल तर शोध टाकीपासून सुरू करा, पंपापासून नव्हे. पहाटे बराच वेळ सेल्फ खाते, पण मग दिवसभर झटक्यात सुरू होते, अशा गाडीनं बहुधा एअर धरलेली असते. तडकलेला रबरी पाइप, सैल क्लिप, दबलेला तांब्याचा वायसर, यांतून रात्रभर हवा आत जाते आणि डिझेल मागे टाकीत उतरतं. आपल्याकडे उतारावर गाडी लावावीच लागते. टाकीत डिझेल थोडं असेल तर ते एका बाजूला जातं आणि पाइप हवा ओढतो. जुन्या पंपाच्या गाडीत फिल्टरवरचा एअरचा स्क्रू सैल करा, हातपंप दाबत राहा, बुडबुडे थांबून निखळ धार आली की स्क्रू आवळा.

आंबेनळी घाट चढताना गाडीचा दम जात असेल तर फिल्टर तुंबला असेल, किंवा टाकीच्या झाकणाचं हवेचं भोक बुजलं असेल. झाकण सैल करताच ‘फुस्स’ आवाज होऊन गाडी सुधारली, तर दोष झाकणाचाच.

आता पाणी. महाडकरांना याची महती सांगायला नको. २२ जुलै २०२१ च्या रात्री सावित्रीचं पाणी शहरात शिरलं तेव्हा उभ्या गाड्या बुडाल्या. बुडालेल्या गाडीची चावी फिरवू नये. पाणी हवेसारखं दाबलं जात नाही. सिलिंडरमध्ये ते असेल तर कनेक्टिंग रॉड वाकतो. आधी बॅटरीची तार काढावी, मग मेकॅनिककडून एअर फिल्टर, ऑइल आणि टाकी तपासून घ्यावी.

पूर नसला तरी पावसाळ्यात अर्धवट रिकाम्या टाकीत दमट हवेचं पाणी साचतं. डिझेल हलकं, म्हणून पाणी तळाशी बसतं. गोडं तेल आणि पाणी काचेच्या बाटलीत घेतलंत तर मुलांनाही हे दिसेल. फिल्टरच्या तळाचा स्क्रू उघडून ते पाणी अधूनमधून सोडावं. कॅनमधून डिझेल भरताना कॅन आधी स्थिर ठेवावा, गाळून घ्यावं, आणि तळातलं चार बोटं ओतू नये.

एक इशारा मात्र मनावर घ्या. नव्या कॉमन रेल गाड्यांत डिझेलचा दाब साध्या हवेच्या दाबाच्या हजारपटीहून अधिक असतो. त्या गाडीचा पंप ते नोझलमधला पाइप कधीही सैल करू नका. तिथली धार कातडीत घुसते. जखम सुईएवढी दिसते, पण तातडीनं इस्पितळ गाठावं लागतं.

मंडळी, पंप आणि नोझल खोलणं हा शेवटचा उपाय. ते काम यंत्रावर तपासणी करणाऱ्या माणसाचं आहे, रस्त्याकडेच्या पान्याचं नव्हे. पाइप, क्लिप, फिल्टर आणि झाकण मात्र आपल्या हातातली आहेत. ती पावसाळ्याआधी एकदा पाहून ठेवलीत, तर रात्री-अपरात्री दार ठोठावणाऱ्या शेजाऱ्याला तुमची गाडी नाही म्हणणार नाही.